मुस्तफाची पेटी

गेल्या खेपेस या सदराच्या शेवटीं, पुढील महिन्यांत पंचांगांतील क्षयतिथीविषयीं लिहीन, असें आश्वासन मीं वाचकांस दिलें होतें. तें पाळतां येत नाहीं, याबद्दल आरंभींच क्षमा मागतों. सध्यां आम्हां उभयतांचा मुक्काम धाकट्या चिरंजिवांकडे, अमेरिकेंतील न्यूजर्सी राज्यांत आहे. सांगलीचें घर, थोरले चिरंजीव, त्यांचीं मुलेंबाळें, माझीं टिपणें आणि जुन्या पंचांगांचें फडताळ हीं सर्व तिकडे राहिलीं. तेव्हां जो विषय हाताशीं आहे त्यावरच लिहिणें प्राप्त आहे. आणि हाताशीं असलेला विषय म्हणजे या घराच्या तळघरांत उभी असलेली एक पेटी.

पेटी म्हटली कीं आपल्या घरांतून हार्मोनियम डोळ्यांपुढें यावयाची. ही पेटी तशी नव्हे. दाबलेल्या भुशाच्या फळ्यांची, सुमारें चार फूट उंचीची, एखाद्या अरुंद कपाटासारखी ती दिसते. वरच्या भागीं सतरा इंची पडदा, त्याखालीं उतरती फळी, आणि फळीवर दोन खेळाडूंकरितां दोन दांडे व रंगीबेरंगी बटनें. नाणें टाकून खेळावयाच्या अशा पेट्या पूर्वीं पुरुषभर उंचीच्या असत. जपानांत टाइटो कंपनीसाठीं तोमोहिरो निशिकादो यांनीं १९७८ सालीं 'स्पेस इन्व्हेडर्स' हा खेळ रचला, आणि १९८० सालीं नाम्को कंपनीच्या तोरू इवातानी यांनीं 'पॅक-मॅन' रचला. तेव्हांपासून या पेट्यांनीं पोरांना जें वेड लावलें तें सर्वश्रुत आहे. तीं पोरें आतां केंस पिकलेलीं झालीं. त्यांच्या हौसेसाठीं २०१८ पासून इकडील दुकानांत तीन-चतुर्थांश आकाराच्या पेट्या मिळूं लागल्या. अशीच एक पेटी, आंतला फलक जळालेली, चिरंजिवांनीं शेजारच्या गांवांतील एका गृहस्थाकडून अल्प किंमतींत आणली. मोडकें आणून दुरुस्त करीत बसणें हा आमच्या घराण्याचा जुना रोग आहे. माझ्या घड्याळांविषयीं या पानांत पूर्वीं पुष्कळ लिहून झालें आहे.

पेटीची मागची फळी काढली तेव्हां मीही आंत डोकावलों. एवढ्या मोठ्या देहांत जवळ जवळ सर्व पोकळीच! तळहाताएवढा एक फलक, पडद्याकडे गेलेली एक पट्टी, बटनांकडून आलेल्या तारांचा जुडगा आणि एक ध्वनिवर्धक, एवढाच काय तो संसार. जळालेल्या फलकाच्या जागीं 'रास्पबेरी पाय' बसवावयाचा असें माझ्या बारा वर्षांच्या नातवानें जाहीर केलें. हा 'पाय' म्हणजे पत्त्यांतील पानाएवढें एक संपूर्ण गणकयंत्र. मुलांना गणकयंत्राची विद्या स्वस्तांत शिकतां यावी म्हणून इंग्लंडांतील केंब्रिज येथील मंडळींनीं तें २०१२ सालीं बाजारांत आणलें. सौ. शेंगा सोलीत बसली होती, ती म्हणाली, "पाय बसवतां आहां, तर पेटीला हात कुणाचे लावणार?" नातवाला हा विनोद समजावून सांगण्यांत अर्धा तास गेला.

मात्र पाय बसविला आणि पेटी चालूं लागली, असें झालें नाहीं. पडद्याला पायाची भाषा कळेना. त्या दोघांमध्यें दुभाष्याचें काम करणारा आणखी एक फलक आणावा लागला, आणि त्याला बारा व्होल्ट तर पायाला पांच व्होल्ट वीज लागते म्हणून दोघांची शिदोरी वेगळी. बटनें तर केवळ तार जोडणें व तोडणें एवढेंच जाणतात. कोणतें बटन दाबलें गेलें हें पायाला सांगण्यासाठीं एन्कोडर नांवाची एक पट्टी बसविली. जुने दांडे ढिले झाले होते, ते बदलून दाबतांच 'टक्' असा आवाज करणारे नवे आणले. या दांड्यांचें एक मर्म मला फार आवडलें. पॅक-मॅनच्या चक्रव्यूहांत चारच दिशा. तेथें दांडा कोपऱ्याकडे झुकला तर बिचारा पॅक-मॅन गोंधळून भिंतीशीं थबकतो. मारामारीच्या खेळांत मात्र आठही दिशा हव्यात. यासाठीं दांड्याच्या बुडाशीं चौकोनी भोंकाची एक चकती असते. ती तिरपी फिरवून बसविली कीं अष्टदिशांच्या चार होतात. मुलांना वळण लावण्यासाठीं आम्हीं शिक्षकांनीं आयुष्यभर जी खटपट केली ती या चकतीनें पै-पैशांत साधली आहे.

दोन अपघातही झाले, आणि त्यांतील एक माझा. घरांत पडलेला भ्रमणध्वनीचा एक जुना चार्जर मीं काटकसर म्हणून पायाला जोडून दिला. पडद्याच्या कोपऱ्यांत विजेचें एक पिवळें चिन्ह चमकूं लागलें. मला वाटलें, वीज येत असल्याची ती खूण असावी. ती वीज अपुरी पडत असल्याची तक्रार होती! दुसरा अपघात सौ.चा. सांगलीस असतांना रात्रीं निजण्यापूर्वीं घरांतील सर्व बटनें बंद करीत हिंडण्याची तिची चाळीस वर्षांची संवय. तिनें भिंतीवरील बटन खटकन् बंद केलें. पायाची सर्व स्मृति नखाएवढ्या एका कार्डांत असते, आणि कार्डावर लेखन चालूं असतांना वीज तोडली तर अर्धवट लिहिलेलें सर्वच बिघडूं शकतें. तसेंच झालें. दोन दिवसांचें काम नातवाला पुन्हां आरंभापासून करावें लागलें. त्यानें आजीला एक शब्दही दुरुत्तर केलें नाहीं, हें येथें मुद्दाम नमूद करतों.

आतां मुख्य गोष्ट. जुना खेळ या नव्या देहांत शिरतो कसा? आद्य शंकराचार्यांनीं मृत अमरुक राजाच्या शरीरांत प्रवेश केल्याची आख्यायिका वाचकांस ठाऊक आहेच. येथें तोच प्रकार आहे. जुन्या पेटींतील फलकावर कांहीं चिप असत, त्यांत खेळाचा कायमचा लिहिलेला पाठ असे. त्यास रॉम म्हणतात. तो पाठ उतरून घेतां येतो, पण तो ज्या जुन्या यंत्राला उद्देशून लिहिलेला आहे तें यंत्र येथें नाहीं. म्हणून एमुलेटर नांवाची आज्ञावलि नव्या यंत्रांत जुन्या यंत्राचें सोंग उभें करते. पाठ म्हणतो, अमुक अंक अमुक खणांत ठेव. एमुलेटर तो खण मनांत कल्पून अंक ठेवतो. आपण परक्या घरांत आहोंत याची खेळाला गंधवार्ता लागत नाहीं. या कामासाठीं प्रसिद्ध असलेला 'मेम' नांवाचा एमुलेटर निकोला साल्मोरिया या इटालियन गृहस्थांनीं १९९७ सालीं प्रथम प्रसिद्ध केला, आणि पुढें अनेकांनीं फुकट श्रम करून तो वाढविला.

नवें यंत्र जुन्याहून शेंकडों पटींनीं चपळ असतें, तरी त्यानें आपली चपळाई दाखवावयाची नाहीं, हें या सोंगाचें पहिलें पथ्य. 'स्पेस इन्व्हेडर्स'मध्यें पंचावन्न शत्रू रांगा करून उतरतात. जुन्या यंत्राला त्यांना एकामागून एक सरकवावें लागे. जसजसे शत्रू मरत, तसतसें काम हलकें होऊन उरलेले अधिक वेगानें धांवत. खेळाची सारी रंगत त्या यंत्राच्या मंदपणांतून निघालेली! एमुलेटरला तो मंदपणा प्रामाणिकपणें पाळावा लागतो. याहून गंमत पॅक-मॅनची. त्यांत पायरीचा क्रमांक आठ अंशांच्या एका खणांत ठेवलेला आहे, आणि त्या खणांत २५५ पेक्षां मोठा अंक मावत नाहीं. त्यामुळें २५६ व्या पायरीला पोंचणाऱ्या पराक्रमी पुरुषाला बक्षीस काय, तर पडद्याचा उजवा अर्धा भाग निरर्थक चिन्हांनीं भरून जातो आणि पुढचा रस्ता खुंटतो. ही उघड चूक आहे. एमुलेटर ती दुरुस्त करीत नाहीं. ऋषींच्या वचनांत व्याकरणाला न जुमानणारें रूप आलें तर आपण त्यास आर्ष प्रयोग म्हणून जसेंच्या तसें राखतों, त्यांतलाच हा न्याय. शिवाय उतरून घेतलेला प्रत्येक पाठ अक्षरशः खरा आहे कीं नाहीं, हें ताडून पाहण्यासाठीं मेम त्या पाठाचें गणित करून ठरलेल्या संख्येशीं पडताळतो. एक अक्षर ढळलें तरी संख्या जुळत नाहीं. घनपाठी ब्राह्मण पदें उलटसुलट म्हणून जें साधतात तें यांनीं गणितानें साधलें, असें मीं नातवास सांगितलें, आणि पहिल्याच वेळीं त्यानें माझें बोलणें वहींत उतरून घेतलें.

यानंतर एका संध्याकाळीं मीं एक प्रश्न विचारला, आणि तळघरांतील हवा जराशी बदलली. हे पाठ कोणाच्या मालकीचे? परक्याची वस्तु न विचारतां घेणें, मग ती अदृश्य कां असेना, यास आपल्याकडे एकच शब्द आहे. चिरंजिवांनीं शांतपणें उत्तर दिलें. मेम स्वतः २०१६ पासून कोणालाही मोकळा आहे. 'रॉबी रोटो', 'ग्रिडली' यांसारखे कांहीं थोडे खेळ त्यांच्या धन्यांनींच, पैसा न मिळविण्याच्या अटीवर, वापरण्यास दिले आहेत. पुष्कळ जुन्या खेळांचे संग्रह कंपन्या आजही विकतात, ते त्यांनीं विकत घेतले होते. एवढें ऐकून मीं समाधानानें मान हलविली असती. पण यादींतील शेवटच्या नांवावर माझें बोट थांबलें.

तें नांव होतें 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स'. कॅपकॉम कंपनीनें १९९३ सालीं काढलेला हा मारामारीचा खेळ मार्क शुल्ट्झ यांच्या 'झेनोझोइक टेल्स' या चित्रकथेवर आधारलेला आहे. त्यांत चार नायक असून त्यांपैकीं तिघांना एकाच वेळीं खेळतां येतें. चौघांत पिवळ्या वेषाचा मुस्तफा नांवाचा एक चपळ लाथाड्या आहे. हिंदुस्थानांतील पोरांना खेळाचें लांबलचक नांव उच्चारण्याची गरज वाटली नाहीं. मुंबई-पुण्यापासून तालुक्याच्या गांवापर्यंत सर्वत्र तो 'मुस्तफा' याच नांवानें ओळखला गेला. खेळ एकाचा आणि कथा दुसऱ्याची, असा हा दुहेरी मालकीचा मामला. कॅपकॉमनें २०१८ सालीं आपले सात जुने मारामारीचे खेळ एकत्र करून विकले, त्यांत मुस्तफा नाहीं.

"म्हणजे हा विकत मिळत नाहीं, आणि तरी तुझ्याकडे आहे," मी म्हणालों. "मग ही चोरी नव्हे तर काय?"

चिरंजीव उठले आणि कपाटांतून कापडांत गुंडाळलेली एक वस्तु घेऊन आले. तो मुस्तफाचा मूळ फलक होता. एका जुना माल विकणाऱ्याकडून, बंद पडलेला, रीतसर पावती घेऊन आणलेला. त्यावर एक लहानसा विजेचा घट होता. कॅपकॉमनें नक्कल करणाऱ्यांस आळा घालण्यासाठीं या फलकांत अशी योजना केली होती कीं, आंतील मजकुराची किल्ली त्या घटाच्या जोरावरच यंत्राच्या स्मरणांत राहावी. घट संपला कीं किल्ली विसरली जाते, आणि धडधाकट दिसणारा फलक निरुपयोगी होतो. हौशी लोकांनीं त्यावर उपाय शोधले आहेत. पण घट बदलण्याचें ज्यांना सुचलें नाहीं त्यांचे फलक मुके झाले. शंकराचार्यांचा देह शिष्यांनीं गुहेंत राखला होता, तसा चिरंजिवांनीं हा राखला होता. कायद्याच्या दृष्टीनें एवढ्यानें भागतें असें मी म्हणत नाहीं. कोणा वकील वाचकानें तसें समजूं नये. फलक विकत घेतला म्हणजे पाठाची दुसरी प्रत करण्याचा हक्क मिळाला असें होत नाहीं, आणि हें चिरंजीवही जाणून आहेत. पण दुकानांत मिळत नाहीं आणि मूळ प्रती एकेक करून विझत आहेत, अशा वस्तूपुढें माझा रोकडा शब्द मला पूर्वींइतका रोकडा वाटेनासा झाला. मी उगीच राहिलों.

येथें तीस वर्षांपूर्वींची एक हकीकत सांगणें भाग आहे. १९९५ सालीं हे चिरंजीव बारा वर्षांचे होते. सांगलीस एस. टी. स्टँडाजवळ एका गाळ्यांत अशा तीन-चार पेट्या होत्या, रुपयाचें नाणें टाकून खेळावयाच्या. एके दिवशीं आमच्या कपाटांतील दहा रुपयांची नोट नाहींशी झाली, आणि त्याच संध्याकाळीं माझ्या एका विद्यार्थ्यानें मला वर्दी दिली कीं, तुमचा मुलगा त्या गाळ्यांत आहे. मी गेलों. धूर, गलका, आणि पेटीच्या उजेडांत माझा मुलगा. मीं त्यास सर्वांदेखत कानास धरून बाहेर ओढलें आणि घरीं आणून छडीनें मारलें. नोट मीं घेतली नाहीं, असें तो म्हणाला. तेव्हां चोरी आणि वर खोटें बोलणें, म्हणून आणखी मारलें. तो पुन्हां कधीं तेथें गेला नाहीं. पुढें त्यानें त्याविषयीं एक अक्षर काढलें नाहीं, आणि माझी शिक्षा गुणकारी ठरली असें मी वर्षानुवर्षें पालकसभांतून नांव न घेतां सांगत आलों.

तर त्या शनिवारीं मुस्तफा प्रथम चालूं झाला. नाण्याऐवजीं चिरंजिवांनीं फळीच्या कडेला एक लहान काळें बटन बसविलें आहे. तें दाबलें कीं नाणें पडल्याचा आवाज येतो. बाप-लेक दोन दांड्यांशीं उभे राहिले आणि मी मागें. खेळतां खेळतां नातवानें विचारलें, "बाबा, तुम्ही लहानपणीं किती वेळां जिंकलां होतां?"

चिरंजिवांची नजर पडद्यावरच होती. ते म्हणाले, "मी? एकदाही नाहीं. पैसे कुठले आणायचे? मी नुसता बघत उभा राहायचों. कुणाची गाडी लागली कीं तो धांवत सुटायचा, आणि जातांना म्हणायचा, घे, एक जीव उरलाय. तेवढाच खेळायला मिळायचा."

तें बोलणें मला उद्देशून नव्हतें. मी मागें उभा आहें याचें त्यांस भानही नसावें.

रात्रीं मीं सौ.ला विचारलें, त्या नोटेचें पुढें काय झालें होतें? ती अंधारांत बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "दूधवाल्याला दिली होती मीच. चार दिवसांनीं आठवलें तेव्हां तुम्हांला सांगितलें होतें." मला कांहीं आठवेना. आणि मग आठवलें. गृहपाठाच्या वह्या तपासतां तपासतां मीं मान वर न करतां तिला उत्तर दिलें होतें कीं, असूं दे, मार कधीं वायां जात नाहीं.

दुसऱ्या दिवशीं चिरंजिवांशीं बोलावें म्हणून मी दोनदां तळघरांत उतरलों. पहिल्या वेळीं ते तारा बांधीत होते. दुसऱ्या वेळीं मीं दांड्याच्या चकतीविषयीं कांहींतरी विचारलें आणि वर आलों. तीस वर्षें शब्दरूपें आणि धातुरूपें शिकविलेल्या माणसाला दोन वाक्यें जुळवितां येऊं नयेत! संध्याकाळीं पुन्हां खेळ मांडला होता. मी नेहमींच्या जागीं, त्या दोघांच्या मागें उभा राहिलों. दांडे दोनच असल्यामुळें मागें उभा राहणाऱ्यास पाहण्याखेरीज कांहीं करतां येत नाहीं. त्याचे हात मात्र आपोआप हलत असतात, हें मला प्रथमच कळलें. तेवढ्यांत सूनबाईंनीं वरून पानें वाढल्याची हांक दिली, आणि नातू आजीच्या थालीपिठाच्या ओढीनें दांडा सोडून पळाला.

"आजोबा," जिन्यावरून तो ओरडला, "माझा एक जीव उरलाय, तुम्ही घ्या!"

मी पुढें होऊन दांडा धरला. चिरंजीव किंचित् सरकले. "अण्णा, लाल बटनानें मारायचें, निळ्यानें उडी," ते म्हणाले. पडद्यावर डावीकडून एक डायनोसॉर चालून येत होता. "लहानपणीं तुला," मीं आरंभ केला, "त्या नोटेवरून मीं..."

"ठाऊक आहे मला," ते म्हणाले. "आईनें तेव्हांच सांगितलें होतें. अण्णा, समोर बघा. उडी मारा."

मीं चुकीचें बटन दाबलें. माझा नायक आडवा झाला. चिरंजिवांनीं हात लांब करून कडेचें काळें बटन दाबलें. नाणें पडल्याचा आवाज झाला, आणि पडद्यावर तो पुन्हां उभा राहिला. वरून दुसरी हांक आली तरी आम्ही दोघे तेथेंच होतों. ताटें निवलीं, यावरून सौ. रागावली.

तेव्हांपासून रात्रीं पेटी बंद करण्याचें काम माझ्याकडे आलें आहे. आधीं पडद्यावरील यादींतून बंद करण्याची आज्ञा द्यावयाची, पायावरील हिरवा दिवा लुकलुकणें थांबेपर्यंत उभें राहावयाचें, आणि मगच भिंतीवरील बटनास हात लावावयाचा. क्षयतिथीविषयीं सांगलीस परतल्यावर लिहीन.